परतणाऱ्याची कथा

चमत्काराची कथा समोर आली की आपल्यासारख्या सुशिक्षित वाचकाची मोठी पंचाईत होते. खरी मानावी तर बुद्धी हसते. खोटी म्हणावी तर कुणाची तरी श्रद्धा दुखावते. मग आपण तिला 'रूपक' म्हणून मोकळे होतो. महंमद पैगंबरांच्या मेराजची कथा मात्र इतक्या सहजी आपल्याला मोकळे करीत नाही. म्हणूनच ती एकदा नीट वाचून पाहावी.

मूळ आधार थोडका आहे. कुराणाच्या सतराव्या अध्यायाच्या पहिल्या आयतीत एवढेच येते, की ईश्वराने आपल्या दासाला एका रात्री मक्केच्या पवित्र मशिदीपासून दूरच्या मशिदीपर्यंत नेले. ही दूरची मशीद म्हणजे जेरुसलेमची, असे परंपरा मानते. त्रेपन्नाव्या अध्यायात सीमेवरच्या बोरीच्या झाडापाशी झालेल्या दर्शनाचा उल्लेख आहे. बाकीचा विस्तार हदीस आणि चरित्रग्रंथ यांतला : बुराक नावाचे वाहन, सोबतीला देवदूत जिब्रील, सात आकाशे आणि त्यांत भेटणारे आदम, ईसा, यूसुफ, मूसा, इब्राहीम आदी पूर्वीचे पैगंबर.

ही रात्र केव्हा आली, हे ध्यानात घेतले पाहिजे. इसवी सन ६१९ च्या सुमारास पत्नी खदीजा गेली, पाठीराखे चुलते अबू तालिब गेले. आधार शोधीत पैगंबर ताइफला गेले, तर तेथे दगड खावे लागले. चरित्रकार मेराजची रात्र बहुधा या दुःखाच्या काळानंतर आणि ६२२ च्या हिजरतीपूर्वी सांगतात. म्हणजे आकाशाचे दार विजयी वीराला उघडले नाही. पृथ्वीवरची दारे ज्याच्या तोंडावर लागली, त्याला उघडले.

पुढे कवी आणि चित्रकार या कथेवर लुब्ध झाले यात नवल नाही. बाराव्या शतकातल्या निजामीने आपल्या फारसी काव्यांत मेराजचे वर्णन पुनःपुन्हा केले. त्याच्याच काव्यांच्या, तब्रीझला १५३९ ते १५४३ या काळात सजलेल्या हस्तलिखितात सुलतान मुहम्मदच्या नावावर सांगितले जाणारे एक चित्र आहे. निळे आकाश, वळसे घेणारे ढग, भोवती देवदूत, सोनेरी ज्वाळांचे वलय आणि शुभ्र पडद्याआडचा पैगंबरांचा चेहरा! डोळे निवतात. तरीही मला वाटते, की या वैभवात कथेचा प्राण थोडा झाकला जातो. चित्रात दिसते ते केवळ चढणे. कथेचे मर्म आहे उतरण्यात.

हदीसमधला तो प्रसंग पाहा. ईश्वराने दिवसाला पन्नास नमाज सांगितले. परत येताना मूसा भेटतात आणि म्हणतात, तुमच्या लोकांना हे झेपायचे नाही, परत जा, कमी करून घ्या. स्वतः एका हट्टी जमातीला वागवून पोळलेल्या वडीलधाऱ्याचा हा सल्ला! पैगंबर पुनःपुन्हा माघारी जातात आणि पन्नासांचे अखेर पाच होतात. मूसा तरीही थांबत नाहीत. पण आता पुन्हा मागायला लाज वाटते, असे म्हणून पैगंबर थांबतात. पुण्य मात्र पन्नासांचेच मिळेल, असे आश्वासन मिळते. सातव्या आकाशाच्या वैभवात चाललेली ही चर्चा कशाची? शेतात, बाजारात, घरात राबणाऱ्या माणसाच्या सवडीची! माझ्या मते साऱ्या कथेतला सर्वांत थोर प्रसंग हाच. नमाज ही श्रद्धावंताची मेराज होय, हे मुसलमानांत रूढ असलेले वचन याच्याच पुढचे पाऊल आहे.

सकाळी मक्केत ही हकीगत ऐकून लोक हसले. तांडा जायला महिना, यायला महिना, आणि हा एका रात्रीत आला म्हणतो! काहींची श्रद्धा डळमळली. अबू बक्र मात्र म्हणाले, की ते तसे सांगत असतील तर ते खरेच. 'सिद्दीक' हे बिरुद त्यांना याच प्रसंगावरून मिळाले, असे परंपरा सांगते. त्यांनी चमत्कार तपासला नाही. सांगणाऱ्याला ते ओळखत होते. श्रद्धा चमत्कारावर उभी राहत नाही, वर्षानुवर्षे पारखलेल्या माणसावर राहते, हे या कथेने स्वतःच सांगून टाकले आहे.

प्रवास देहाने झाला की आत्म्याने, हा वाद मुसलमान पंडितांतही जुना आहे. बहुतेकांनी देहानेच मानला. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांच्या नावे मात्र, देह जागचा हलला नव्हता, असेही सांगितले जाते. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनावर वाद घालणाऱ्या आपल्याला हे अपरिचित वाटू नये. पण तुकोबांच्या कथेत परत येणे नाही. येथे सारा भर त्यावरच आहे.

सोळाव्या शतकातले सूफी अब्दुल कुद्दूस गंगोही म्हणत, की पैगंबर तिथवर जाऊन परतले. मी पोचलो असतो तर परतलो नसतो. इक्बालांनी आपल्या व्याख्यानांत हा उद्गार घेऊन संत आणि पैगंबर यांतला भेद त्यावरून उलगडला. संताला दर्शन हा मुक्काम. पैगंबराला ती कामाची सुरुवात.

आणि ज्या आयतीपासून हे सारे सुरू झाले, तीत एवढ्या उंचीवर नेलेल्या माणसाला शब्द वापरला आहे तो 'दास' हाच. तो दास त्याच रात्री, हसणाऱ्यांच्याच गावात परत आला.