यंत्र-अभियांत्रिकीतील जीवशास्त्र : अलंकार की कसोटी?

यंत्र-अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमात जीवशास्त्रीय संशोधनाला स्थान असावे, असे प्रतिपादन आता वारंवार केले जाते. ते स्थान नेमके कोणते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जपानमधील 500 श्रेणीच्या शिंकान्सेन गाडीचा (1997) पुढील भाग खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून घडविला, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. त्याने विद्यार्थ्याचे कुतूहल जागे होते. परंतु त्याचे एकही गृहीतक तपासले जात नाही. असे उदाहरण म्हणजे प्रकरणाच्या दारावर बांधलेले तोरण होय.

याउलट ई. एम. पर्सेल यांचा 1977 सालचा सूक्ष्मजीवांच्या पोहण्यावरील निबंध पाहावा. जंतूच्या सृष्टीत श्यानतेपुढे जडत्व नगण्य ठरते. त्यामुळे शिंपल्याप्रमाणे केवळ उघडझाप करणारा जीव, वेग कितीही बदलला तरी, तेथे पुढे सरकत नाही. कित्येक जंतूंच्या कशाभिका मळसूत्राप्रमाणे फिरतात, असे बर्ग आणि अँडरसन यांनी 1973 साली दाखविले होते. त्याचे मर्म येथे उलगडते. समीकरणातील एक पद गाळणे ही केवळ गणिती सोय नव्हे, हे विद्यार्थ्याला यातून कळते.

घन पदार्थांच्या यामिकीतही हेच घडू शकते. जाड भिंतीच्या नळाचे लामे यांचे सूत्र शिकविताना, दाब काढल्यावर नळ प्रतिबलमुक्त होतो असे आपण गृहीत धरतो. परंतु रोहिणीचे कडे एका बाजूस कापले असता ते आपोआप उघडते. वाय. सी. फंग यांनी 1983 साली याचा अर्थ विशद केला : या अवशिष्ट प्रतिबलामुळे रक्तदाबाचा भार भिंतीत अधिक समप्रमाणात वाटला जातो. तोफेच्या नळीवर तप्त आवरण चढवून ती आवळण्यामागील तत्त्व हेच. मात्र तोफेतील प्रतिबल कारागिराने दिलेले असते, तर रोहिणीतील वाढीतून आलेले. शिवाय रक्तदाब दीर्घकाळ बदलल्यास ती भिंत स्वतःच बदलते. साम्य जेथे संपते, ती सीमाही शिकविली पाहिजे.

मूलभूत विषयांचे तास घटतील, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथे स्वतंत्र विषयाची मागणी नाही. त्या त्या प्रकरणातील एक तास पुरेसा आहे. त्या तासावर परीक्षेत प्रश्न मात्र विचारला गेला पाहिजे; अन्यथा कसोटीचेही तोरणच होईल.