वर्शिप स्ट्रीटची रांग आणि परायत्त सौंदर्य

आजचं उदाहरण लहान आहे. लंडनच्या शोरडिच भागात वर्शिप स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्यावर ९१ ते १०१ या विषम क्रमांकांची सहा घरं एकमेकांना भिंत लावून उभी आहेत. इंग्रज याला टेरेस म्हणतात. आपली टेरेस म्हणजे गच्ची, तिकडची टेरेस म्हणजे सलग घरांची रांग. हा घोटाळा सुरुवातीलाच मिटवलेला बरा. ही रांग १८६२-६३ मध्ये बांधली गेली. वास्तुकार फिलिप वेब. आज ती संरक्षित वास्तू आहे. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींच्या तीन श्रेणी असतात, त्यातली मधली, म्हणजे दोन-तारांकित श्रेणी हिला मिळालेली आहे.

गॉथिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बोरीबंदर. घुमट, कोरीव माकडं-मोर, रंगीत काचा. ते मनात ठेवून तुम्ही वर्शिप स्ट्रीटला गेलात तर निराश व्हाल. इथं गिलावा न केलेली साधी वीट आहे. वरच्या खिडक्यांवर विटांच्याच टोकदार कमानी, उभट उतरतं छप्पर, त्यातून डोकावणाऱ्या खिडक्या. रांगेच्या टोकाला एक पाणपोई, तिच्यावर दगडी छत्र. बस्स. पुष्कळांना प्रश्न पडतो, यात जपण्यासारखं काय आहे?

ते समजायला ही घरं कुणासाठी बांधली हे पाहावं लागतं. पैसा विल्यम गिलम या लष्करी अधिकाऱ्याचा. क्रिमियाच्या युद्धात त्यानं एक पाय गमावला होता आणि नंतरचं आयुष्य परोपकारात घातलं. त्याला कारागिरांसाठी जागा हव्या होत्या. प्रत्येक घराला तळाशी दुकान, त्याला जोडून कामाची जागा आणि वर बिऱ्हाड. सुतारानं खाली रंधा मारायचा, तिथंच गिऱ्हाइकाशी बोलायचं आणि संध्याकाळी जिना चढून मुलाबाळांत जायचं. वेबनं हे सगळं दर्शनी भिंतीवर उघड मांडलं. खालची खिडकी मोठी, कारण कामाला उजेड लागतो; वरची लहान, कारण तिथं माणसं झोपतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं जगणं वाचता येतं. जॉन रस्किननं १८५३ मध्ये गॉथिकविषयी जे प्रतिपादन केलं, की या शैलीचं मोल काम करणाऱ्या हाताच्या स्वातंत्र्यात आहे, ते इथं कमानीपेक्षा घराच्या रचनेत उतरलं आहे असं माझं मत आहे. सहा छोट्या घरांत. बोरीबंदरला ते साधलं का, याबद्दल मला शंका आहे, पण तो वाद आज नको.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. (तुम्ही वाट पाहतच असाल!) कांटनं १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार केले. फूल पाहताना ते कशासाठी आहे हे माहीत असण्याची गरज पडत नाही. ते स्वायत्त सौंदर्य. इमारत मात्र त्यानं दुसऱ्या बाजूला ठेवली. चर्च असो, राजवाडा असो, शस्त्रागार असो, ते काय असायला हवं याची कल्पना मनात असल्याखेरीज त्याच्या सौंदर्याचा निर्णय होत नाही. हे परायत्त सौंदर्य. कांटचं हे म्हणणं मला अनेक वर्षं जरा कोरडं वाटायचं. वर्शिप स्ट्रीटनं मला ते पटवून दिलं.

कारण आता पाहा. भोवती काचेचे कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. लंडनच्या पैशाचं केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या रांगेत सुतार राहत नाही, राहणं त्याला परवडणारही नाही. विटा आहेत, कमानी आहेत, मोठी खिडकी आहे. जिच्यासाठी उजेड आत घ्यायचा ती कामाची बाकं तेवढी नाहीत. म्हणजे संरक्षणानं रांग वाचवली आणि तिचं सौंदर्य परायत्ताचं स्वायत्त करून टाकलं. आपण तिच्याकडे फुलासारखं पाहतो. छायाचित्र घेतो आणि पुढे जातो.

गंमत अशी की याची थोडी जबाबदारी खुद्द वेबवर येते. १८७७ मध्ये तो आणि विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. निमित्त होतं ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चच्या जीर्णोद्धाराचं, आणि तो करणार होते सर गिल्बर्ट स्कॉट. हेच ते स्कॉट, ज्यांनी आपल्या मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे आणि दीक्षान्त सभागृहाचे आराखडे मुंबईत पाऊल न ठेवता लंडनहून पाठवले. स्कॉट जुनी चर्च ‘मूळच्यासारखी’ करून द्यायचे. मॉरिस आणि वेब म्हणाले, हे खोटं आहे. डागडुजी करा, गळकं छप्पर वेळेवर शिवा, नव्याला जुन्याचं सोंग देऊ नका. विचार थोर होता. आजही मला तो मान्य आहे. पण त्यांचं सगळं लक्ष दगडाच्या प्रामाणिकपणावर होतं. दगड प्रामाणिक राहून घर खोटं होऊ शकतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

कुणी म्हणेल, सर, मग काय, पाडू द्यायची होती का? मुळीच नाही. संरक्षण नसतं तर तिथं आणखी एक काचेचा मनोरा असता आणि आपल्याला बोलायलाही काही उरलं नसतं. शिवाय कायदा भिंत पाडू नका म्हणू शकतो. इथं सुतारानंच राहावं असं म्हणणं त्याला जड जातं. पण श्रेणी देताना नोंद कशाची होते? कमानीची, छपराची, पाणपोईची, वास्तुकाराच्या नावाची. खाली काम आणि वर घर ही जी जोड आहे, वेबची खरी निर्मिती आहे, तिला जपायचं तर भाड्याचा प्रश्न येतो, आणि भाडं वारसा-तज्ज्ञांच्या कक्षेत येत नाही. सहा घरांपैकी एखादं तरी बुकबाइंडरला किंवा सुताराला परवडेल अशा भाड्यानं द्यावं, एवढी सूचनाही त्या चर्चेत बावळट वाटेल. मला ती बावळट वाटत नाही.

थांबतो. समोरून दोन हात मघापासून वर आहेत, आधी त्यांचे प्रश्न घेऊ.