इंदूरचे खुले पत्र आणि अमेरिकेचे सूक्ष्मपट : साधनचिकित्सेचा एक प्रश्न

प्रास्ताविक

1942 च्या उन्हाळ्यात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातील तिढा सोडविण्यासाठी अमेरिकेने मध्यस्थी करावी, असा त्याचा आशय होता. क्रिप्स योजना फसून थोडेच दिवस झाले होते आणि ‘भारत छोडो’ ठराव अजून व्हायचा होता. असे असूनही या काळावरील लेखनात हे पत्र बहुधा तळटीपेत येते आणि तिथेच संपते. असे का होते, याचे उत्तर घटनेच्या महत्त्वापेक्षा साधनांच्या निवडीत शोधावे लागते. अमेरिकेच्या राजकीय इतिहासाची मूळ कागदपत्रे ज्या मायक्रोफिल्मवर, म्हणजेच सूक्ष्मपटांवर उपलब्ध आहेत, त्यांच्या वापराचा विचार या एका उदाहरणाच्या आधारे करता येतो.

पत्राचे राजकीय स्वरूप

6 जानेवारी 1818 च्या मंदसोर तहानंतर होळकर दरबाराला परक्या सत्तेशी स्वतंत्र राजनैतिक व्यवहार करण्याची मुभा उरली नव्हती. ही बाब लक्षात घेतली तर ‘खुले पत्र’ या प्रकाराचा अर्थ उलगडतो. बंद लिफाफ्यातील पत्र हा तहाचा भंग ठरला असता. खुले पत्र मात्र वृत्तपत्रांच्या वाचकांसमोर केलेले निवेदन ठरते. त्यामुळे ही कृती विचारपूर्वक केलेली दिसते.

तरीही यशवंतरावांचा उल्लेख आला की माणिकबाग राजवाडा, युरोपीय कलावस्तू आणि अमेरिकन विवाह यांवरच बराच मजकूर खर्च होतो. त्यांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांनी बावला खून प्रकरणानंतर 1926 मध्ये गादी सोडली आणि 1928 मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन महिलेशी विवाह केला. ही पार्श्वभूमीही त्यात जोडली जाते. परिणामी एका संस्थानिकाचे राजकीय निवेदन हा खासगी आयुष्यातील लहरीचा भाग समजला जातो. हा निष्कर्ष पुराव्यातून आलेला नाही. पुरावा न पाहिल्यामुळे तो शिल्लक राहिला आहे.

छापील खंडांची मर्यादा

या विषयावर काम करणारा अभ्यासक साधारणतः दोन छापील मालिकांकडे वळतो. पहिली, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची दस्तऐवजमाला. तिचा 1942 सालाचा पहिला खंड 1960 मध्ये निघाला. दुसरी, ब्रिटिश सरकारने 1970 ते 1983 या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेली सत्तांतराची कागदपत्रे. त्यांतील दुसरा खंड ‘भारत छोडो’च्या महिन्यांचा आहे. दोन्ही मालिका मोलाच्या आहेत. रूझवेल्ट यांचा चर्चिल यांना गेलेला 10 मार्च 1942 चा संदेश, लुई जॉन्सन यांच्या दिल्लीहून गेलेल्या तारा, गांधीजींचे 1 जुलैचे पत्र हे सर्व त्यांमुळेच वर्गापर्यंत पोहोचले.

परंतु छापील खंड म्हणजे निवड. संपादक महत्त्वाचे निवडतो, आणि काय महत्त्वाचे हे त्याच्यासमोरील प्रश्नावर ठरते. वॉशिंग्टन व लंडन यांचे संबंध हा प्रश्न समोर असेल, तर रूझवेल्ट, चर्चिल, गांधी आणि नेहरू हीच नावे पुढे येतात. संस्थाने, प्रांतीय पुढारी, उर्दू व मराठी वृत्तपत्रे काठावर राहतात. पुढचा अभ्यासक खंडांवरच विसंबतो आणि संपादकाची निवड हाच इतिहास ठरतो.

सूक्ष्मपटातून काय मिळते?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची 1910 ते 1963 या काळातील मध्यवर्ती दप्तरे दशांश पद्धतीने लावलेली आहेत. 845.00 हा हिंदुस्थानच्या अंतर्गत राजकारणाचा क्रमांक. अशा दप्तराची फिल्म पाहताना एकटे पत्र दिसत नाही. त्यावरची आवक-नोंद, कोणत्या विभागाकडून ते कोणत्या विभागाकडे गेले त्याचे शिक्के, अधिकाऱ्याचा शेरा, सोबतचे वृत्तपत्रीय कात्रण असा सगळा क्रम दिसतो. पत्रात काय म्हटले आहे हे छापील मजकूर सांगतो. ते कोणी वाचले, कोणी बाजूला ठेवले, उत्तर द्यावे की नाही याची चर्चा झाली की नाही, हे फाइलच्या क्रमावरूनच तपासता येते. इंदूरच्या पत्राबाबत खरा प्रश्न हाच आहे.

येथे एक सामान्य घोटाळा टाळला पाहिजे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 1957 च्या कायद्यानुसार तेवीस अध्यक्षांची कागदपत्रे सूचीसह फिल्मवर आणली. ही मालिका जॉर्ज वॉशिंग्टनपासून कूलिज यांच्यापर्यंतची आहे. रूझवेल्ट यांची कागदपत्रे तिच्यात नाहीत. ती न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे 1941 मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्वतंत्र ग्रंथालयात आहेत.

सूक्ष्मपटाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर शाईचा रंग कळत नाही. निळ्या पेन्सिलीचा शेरा आणि काळी टंकलिपी एकसारखी दिसते. पाठकोरा मजकूर कधी सुटतो. काही जागी मूळ कागदाऐवजी तो काढून घेतल्याची चिठ्ठीच चित्रित झालेली असते. ती चिठ्ठीही पुरावाच आहे. संशोधकाने तिची नोंद रीळ आणि चौकट क्रमांकासह करावी. आज संगणकावर दिसणारे अनेक संग्रह जुन्या फिल्मवरूनच उतरविलेले आहेत. त्यामुळे फिल्ममधील दोष पडद्यावरही कायम राहतात.

दुसऱ्या बाजूचे दप्तर

केवळ अमेरिकन फिल्मवर विसंबणे हाही एकांगीपणाच होय. इंदूरच्या रेसिडेन्सीतून मध्य हिंदुस्थानच्या संस्थानांवर देखरेख चालत असे. त्या व्यवहाराची कागदपत्रे दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनचा इंडिया ऑफिस संग्रह यांत विभागली गेली आहेत. होळकर संस्थानाची दप्तरे भोपाळच्या राज्य अभिलेखागारात पाहावी लागतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या खासगी कागदपत्रांचे सूक्ष्मपट दिल्लीत उपलब्ध आहेत.

शिवाय 1947 च्या उन्हाळ्यात, सत्तांतराच्या तोंडावर, राजकीय खात्याने संस्थानिकांविषयीच्या अनेक फायली जाळल्या. नेहरूंनी त्याला तीव्र हरकत घेतली होती. एका ठिकाणची फाइल नष्ट झाली असेल, तर त्याच पत्रव्यवहाराची दुसरी प्रत दुसऱ्या देशातील दप्तरात सापडण्याचा संभव असतो. अमेरिकन फिल्मचे महत्त्व आपल्या प्रादेशिक इतिहासासाठी या कारणानेही आहे.

तिसरा पुरावा वृत्तपत्रांचा. पत्र खुले होते, म्हणजे ते वाचकांसाठी होते. मग मुंबईच्या उर्दू वाचकाने, पुण्याच्या मराठी वाचकाने त्याकडे कसे पाहिले? ‘इन्किलाब’ 1938 पासून मुंबईतून निघत होते. ‘केसरी’ पुण्यात होताच. या अंकांतील मौन किंवा टीका इंग्रजी दप्तरात सापडणार नाही. येथे उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या अभ्यासकाला जी सोय आहे, ती परदेशी विद्यापीठातील संशोधकालाही सहज नसते.

समारोप

हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात 1964 मध्ये अमेरिकन अभ्यास संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा अमेरिकेस न जाता मूळ साधने पाहण्याची सोय भारतीय अध्यापकांना मिळाली. पुढे त्या केंद्राचे नाव आणि स्वरूप बदलले. साधनांची वाट आता संगणकामुळे पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे, पण छापील खंडापाशी थांबण्याची सवय गेलेली नाही.

महाविद्यालयीन अध्यापकाने पदव्युत्तर विद्यार्थ्याला एवढा जरी अभ्यास दिला, की एक छापील दस्तऐवज घ्यावा, त्याची मूळ फाइल फिल्मवर शोधावी आणि संपादकाने वगळलेले शेजारचे दोन कागद वाचावेत, तरी साधनचिकित्सा म्हणजे काय ते त्याला कळेल. इंदूरचे पत्र त्यासाठी योग्य आहे. ते प्रसिद्ध होऊन आठ दशके उलटली. त्याचा मजकूर ठाऊक असणे पुरेसे नाही. ते वॉशिंग्टनमध्ये कोणाच्या टेबलावर पोहोचले, हे दाखविल्याखेरीज त्याला लहर म्हणण्याचा किंवा मुत्सद्देगिरी म्हणण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासकाला मिळत नाही.