इंग्रजीत ७५ च्या वर: मी लावलेल्या एका चाळणीबद्दल

गेल्या जूनमध्ये आमच्या प्रोजेक्टसाठी चार फील्ड इन्व्हेस्टिगेटर घ्यायचे होते. अर्ज आले साठच्या आसपास. सरांनी (माझे गाइड, पीएचडीचे, दहावीचं नव्हे) यादी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "वीसवर आण, एवढ्या सगळ्यांना बोलवायला वेळ नाही." मी एक्सेल उघडलं, दहावीच्या इंग्रजीच्या गुणांचा कॉलम उतरत्या क्रमाने लावला आणि ७५ च्या खालचे अर्ज बाजूला काढले. चहा गार व्हायच्या आत काम झालं होतं.

तेव्हा मला यात काही चुकीचं वाटलं नाही. काम असं होतं: परभणी आणि हिंगोलीतल्या गावांत बचत गटातल्या बायकांच्या मुलाखती मराठीत घ्यायच्या आणि त्याच संध्याकाळी इंग्रजीत टिपणं लिहायची, कारण प्रोजेक्टमधले दुसरे भागीदार चेन्नईचे. ऐकायचं, समजून घ्यायचं, नेमकं लिहायचं. इंग्रजी चांगलं असलेला माणूस हे करेल, असा माझा हिशोब.

दिवाळीच्या सुमाराला मी टिपणं वाचायला बसले. ९४ गुणवाल्या मुलाचं व्याकरण निर्दोष होतं. पण वीस मुलाखती वाचल्यावर लक्षात आलं की त्या एकच आहेत. उत्तरदात्या महिलेने सहकार्य केलं, प्रश्नांची समाधानकारक उत्तरं दिली, गटामुळे तिच्या आत्मविश्वासात वाढ झाली. बाई काय म्हणाली, ते कुठेच नाही. ७६ गुणांवर काठावर आत आलेल्या मुलीच्या वाक्यांत काळ चुकलेले, आर्टिकल गायब. पण तिने लिहिलं होतं की पासबुक नवऱ्याच्या पेटीत असतं आणि खाते क्रमांक मात्र बाईला तोंडपाठ आहे. आमच्या संशोधनाचा अर्धा प्रश्न त्या एका ओळीत होता.

एका मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "शाळेतल्या मार्कांना काही अर्थ नसतो, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय," आणि एक जुना पेपर पाठवला. या लेखाचं निमित्त तो पेपर. तुमच्यापैकी जे आत्ता पेटच्या किंवा सेटच्या तयारीत आहेत, त्यांना मूल्यमापनाच्या प्रकरणात तो एका ओळीत भेटतो. ती एक ओळ दिशाभूल करणारी आहे, असं माझं मत आहे.

पेपर डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या दोघांचा, १९१२ चा. त्यांनी हायस्कूलच्या पहिल्या वर्षातल्या दोन विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका जशाच्या तशा छापून दोनशे शाळांना पाठवल्या. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने तपासा आणि गुण द्या, एवढीच सूचना. १४२ शिक्षकांचे गुण वापरण्याजोगे निघाले. एका पेपरला ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत. बऱ्याच शाळांत उत्तीर्ण व्हायला ७५ लागत. म्हणजे तोच कागद एका टेबलावर नापास आणि दुसऱ्या टेबलावर वर्गात पहिला.

वर्गात हे सांगितलं की सगळे हसतात आणि विषय संपतो. पण थोडं थांबा. किमान आणि कमाल यातलं अंतर नेहमी नाट्यमय दिसतं, कारण ते फक्त दोन टोकाच्या माणसांवर ठरतं. १४२ च्या जागी हजार शिक्षक घेतले असते तर ते आणखी वाढलं असतं. त्याच पेपरात लेखकांनी दुसराही आकडा दिला आहे: साधारण निम्मे शिक्षक मधल्या गुणाच्या चार-पाच गुण इकडेतिकडे होते. हा आकडा कोणी सांगत नाही. शिवाय हे शिक्षक वेगवेगळ्या शाळांतले. त्या मुलांना काय शिकवलं होतं ते त्यांना माहीत नाही, हातात समान गुणदान योजना नाही. एकाच शाळेतले दोन शिक्षक इतके लांब जातील का, हे या प्रयोगातून कळत नाही. "इंग्रजी म्हणजे सब्जेक्टिव्हच" म्हणणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट: याच जोडीने पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर गुण इंग्रजीपेक्षाही जास्त पसरले.

तरी निष्कर्षाचा गाभा टिकतो. २०११ मध्ये हंटर ब्रिमी यांनी अमेरिकेत असाच प्रयोग केला. तेव्हाच्या शिक्षकांना लेखन तपासायचं ठरावीक प्रशिक्षण मिळालेलं होतं. ७३ शिक्षकांनी एकाच निबंधाला ५० ते ९६ गुण दिले. शंभर वर्षांत रुब्रिक आली, कार्यशाळा झाल्या, पसारा फारसा आवरला नाही.

आता खरी अडचण. हे दोन्ही अभ्यास विश्वसनीयतेबद्दल आहेत, म्हणजे रिलायबिलिटीबद्दल: तोच कागद दुसऱ्याने तपासला तर तेच गुण मिळतील का? माझ्या मित्राचा दावा मात्र वैधतेबद्दल, व्हॅलिडिटीबद्दल आहे: या गुणांतून त्या माणसाचं विचार करणं, दुसऱ्यापर्यंत पोचणं कळतं का? दोन्हींचा संबंध आहे. अगदीच डळमळीत मोजमाप कशाचंच चांगलं मोजमाप होऊ शकत नाही. पण उलटं खरं नाही. समजा सगळे १४२ शिक्षक ८२ वर एकमताने थांबले असते. त्यावरून तो मुलगा मुलाखतीत समोरच्या बाईचं ऐकून घेईल असं ठरलं असतं का? नाही. त्यासाठी शाळेबाहेरचं काहीतरी मोजावं लागतं, आणि स्टार्च-इलियट यांनी ते मोजलेलं नाही. मोजायचा त्यांचा दावाही नव्हता. दावा आपण त्यांच्या तोंडी घातला.

शाळेबाहेरच्या माणसांना यात घेतलं ते पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६१ मध्ये. मला विचाराल तर या विषयातलं वाचायलाच हवं असं हे एक काम. त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. वाचकांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसेच समाजशास्त्रांचे आणि विज्ञानाचे शिक्षक, लेखक-संपादक, वकील आणि कंपन्यांतले अधिकारीही होते. निबंधांचे नऊ गट लावा, चांगलं कशाला म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगितलं. ३०० पैकी १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंत प्रत्येक श्रेणी कोणी ना कोणी दिली. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या असा एकही निबंध नव्हता.

इथवर ही स्टार्च-इलियटचीच गोष्ट वाटेल. पण डिडरिक यांनी वाचकांचे आपापसातले मेळ तपासले, तर मतभेदात घडी सापडली. वाचकांचे पाच गट पडले. एका गटाला कल्पना महत्त्वाच्या, दुसऱ्याला मांडणी, तिसऱ्याला लेखकाचा स्वतःचा सूर, चौथ्याला व्याकरण-विरामचिन्हं-शुद्धलेखन, पाचव्याला शब्दांची निवड. म्हणजे वाचक निष्काळजी नव्हते. मतभेदाचा काही भाग तरी ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते म्हणून होता.

हे वाचल्यावर मूळ प्रश्नच मला बदलावासा वाटला. "शाळेतले गुण खऱ्या आयुष्यातलं संवादकौशल्य दाखवतात का" असं विचारताना आपण धरून चालतो की खऱ्या आयुष्यात असं एकच कौशल्य आहे आणि त्याचा एकच परीक्षक आहे. वकिलाला जे चांगलं वाटतं ते संपादकाला वाटत नाही. माझ्या प्रोजेक्टला जे हवं होतं ते यातल्या पहिल्या गटाच्या जवळचं. आणि मी निवड केली ती चौथ्या गटाच्या चष्म्यातून.

त्या कॉलममध्ये नक्की काय होतं तेही बघा. आपला दहावीचा इंग्रजीचा पेपर अगदीच घोकंपट्टीचा आहे, असं मी म्हणणार नाही. त्यात न पाहिलेला उतारा असतो, तक्त्यावरून परिच्छेद लिहायचा असतो, दिलेल्या मताविरुद्ध मत मांडायचं असतं. कागदावर ही विचाराचीच कामं. पण प्रत्येक कामाचा साचा डायजेस्टमध्ये तयार मिळतो. कवितेचं रसग्रहण म्हणजे शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, या क्रमाने. हा क्रम पाठ असलेल्या मुलाला कविता आवडली की नाही याने काही बिघडत नाही. आमचा ९४ वाला मुलगा त्या वीस टिपणांत नेमकं हेच करत होता. त्याने साचा ओळखला आणि भरला. शाळेने दहा वर्षं ज्याला शाबासकी दिली तेच त्याने आम्हाला दिलं. त्याला दोष देणं मला जमत नाही.

आणि बोलणं-ऐकणं? ते शाळेच्या हातातल्या वीस गुणांत. या वीस गुणांची गंमत अशी की त्यांच्यावर कोणाचाच विश्वास नाही, मंडळाचाही नव्हता. २०१८-१९ मध्ये भाषांचे हे अंतर्गत गुण काढून पूर्ण शंभराची लेखी परीक्षा ठेवली. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के. सगळं श्रेय-अपश्रेय या वीस गुणांना देऊ नका. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. पण संवादाचं मोजमाप म्हणून जो एकमेव भाग होता, तो एकतर खिरापत म्हणून वाटला गेला किंवा काढून टाकला गेला, एवढं यातून दिसतं.

माझ्या यादीतली मुलं २०१६ ते २०२० या काळात दहावी झालेली. कोणाला अंतर्गत गुण होते, कोणाला नव्हते. कोणी इंग्रजी माध्यमातून प्रथम भाषेचा पेपर दिलेला, कोणी मराठी माध्यमातून तृतीय भाषेचा. हे वेगळे पेपर आहेत. एक्सेलला ते सगळं "इंग्रजी" म्हणून एका खाली एक दिसलं, आणि मीही एक्सेलसारखीच वागले.

मग गुण फेकून द्यायचे? इथे मित्राशी माझं पटत नाही. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या ५५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर एलेन अॅलन्सवर्थ आणि कॅली क्लार्क यांचा २०२० चा अभ्यास आहे. कॉलेज कोण पूर्ण करेल याचा अंदाज हायस्कूलच्या एकत्रित गुणांवरून एसीटी या प्रमाणित परीक्षेपेक्षा कितीतरी चांगला येतो, असं त्यात दिसलं. लक्षात घ्या, हे सगळ्या विषयांचे मिळून गुण आहेत, एकट्या इंग्रजीचे नाहीत. अमेरिकेत त्या गुणांत वर्षभराचं काम असतं: वेळेवर दिलेले गृहपाठ, पुन्हा लिहिलेले मसुदे, टिकून राहणं. म्हणजे एकेक गुण डळमळीत असला तरी अनेक शिक्षकांनी अनेक वर्षांत दिलेले गुण एकत्र केले की काहीतरी खरं हाती लागतं. एका दुपारच्या एका पेपरबद्दल असं म्हणता येत नाही. आपल्या दहावीचे ते ऐंशी गुण एका दुपारचेच.

आता माझ्या स्वतःच्या पुराव्याकडे येते, कारण तिथेही घोटाळा आहे. ९४ वाल्याची टिपणं पोकळ, ७६ वालीची भरीव. "बघा, गुणांचा आणि विचाराचा उलटाच संबंध!" असं म्हणावंसं वाटतं ना? म्हणता येत नाही. एक तर चारच माणसं. दुसरं, ही चारही माणसं चाळणीतून आलेली. ज्यांचे गुण ७५ च्या खाली त्यांची टिपणं मी कधी पाहिलीच नाहीत. तिसरं जरा बारीक आहे. ७६ वाली मुलगी मुलाखतीत आम्हाला फार आवडली म्हणून घेतली. ९४ वाल्याला आम्ही फारसं तपासलंच नाही, गुण बघून खूश होतो. म्हणजे कमी गुणवाल्यांपैकी ज्यांची दुसरी बाजू भक्कम तेच आत आले, जास्त गुणवाले तसेही आले. अशा निवडलेल्या गटात दोन गोष्टींचा संबंध उलटा दिसू शकतो, बाहेरच्या साठ जणांत तो सरळ असला तरी. "दहावीला मार्क कमी असलेलेच पुढे जातात" असं लग्नाच्या पंगतीत सांगणारे काका हीच चूक करतात. त्यांनी पुढे गेलेलेच पाहिलेले असतात.

यंदा पुन्हा दोन जागा आहेत. मी सरांना विचारून एक काम ठेवलं: एका बाईच्या मुलाखतीचं सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग (तिच्या परवानगीने, नावं काढून) ऐकायचं आणि इंग्रजीत एक पान लिहायचं, जमेल तसं. ती काय म्हणाली, आणि काय सांगायचं टाळलं असं वाटतं. अर्जदाराचे गुण आणि नाव झाकून मी, सर आणि चेन्नईच्या मॅडम तिघांनी दहापैकी गुण दिले. पहिल्याच पानाला मी आठ दिले, सरांनी चार. कर्जाची रक्कम चुकली, म्हणून सर नाराज. सून खोलीत आल्यावर बाईचा आवाज बदलला हे त्या पानावर होतं, म्हणून मी खूश. मॅडमनी सहा दिले आणि कारण लिहिलं नाही.

यंदा दहावीची गुणपत्रिका मागवली आहे, पण त्यावर कोणालाही बाद केलेलं नाही. ७५ च्या खालच्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून पाच जणांनाही पान लिहायला दिलं होतं. सरांचं म्हणणं, हा वेळेचा अपव्यय आहे. असेलही. सोमवारी आम्ही तिघं ऑनलाइन बसून आठ आणि चारचं काय करायचं ते ठरवणार आहोत, त्यानंतरच पाकिटं उघडू.