कवळीतली चांदी

अ‍ॅक्रिलिकची गुलाबी कवळी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि तिने व्हल्कनाइट रबराच्या कवळीला मागे टाकले. ती हलकी, दिसायला हिरडीसारखी आणि दुरुस्तीला सोपी होती. मात्र टाळूला चिकटणारी तिची बाजू सहसा चकचकीत करत नाहीत, कारण घासून गुळगुळीत केली तर ठशाची नेमकी बसणी बिघडते. नेमक्या याच खरखरीत, लाळेच्या प्रवाहापासून आडोसा मिळालेल्या बाजूवर कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी बस्तान बसवते आणि टाळू लाल होऊन सुजतो. म्हणून अ‍ॅक्रिलिकमध्येच चांदी, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मिसळायचे, ही कल्पना संशोधकांना मोहवते. बुरशीची वाढ घटल्याचे निष्कर्षही वारंवार येतात. तरी माझ्या मते या संशोधनाने चुकीच्या जागी जोर लावला आहे.

चांदी मारते ती मुख्यतः आयन सोडून. हे आयन सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना धरतात आणि पेशीचे आवरण व श्वसन बिघडवतात. म्हणजे कणाला काम करायचे तर पाणी त्याच्यापर्यंत पोचले पाहिजे आणि आयन बाहेर पडले पाहिजेत. अ‍ॅक्रिलिकच्या आत घट्ट बसलेला कण जवळजवळ निरुपयोगी. पृष्ठभागाजवळचा कण कामाचा, पण तो झिजत जातो. कवळी मात्र वर्षानुवर्षे वापरायची असते. परिणाम टिकावा म्हणून कण वाढवले, तर त्यांच्या गुठळ्या होतात, वाकवणारा ताण सोसण्याची ताकद घटू शकते आणि चांदीमुळे गुलाबी रंग काळवंडतो. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरे असले तरी त्याच्या प्रकाशउत्प्रेरक गुणाला अतिनील प्रकाश लागतो, आणि तोंडात तो पोचत नाही. शिवाय बहुतेक चाचण्या प्रयोगशाळेत अ‍ॅक्रिलिकच्या चकतीवर, एकाच जातीच्या बुरशीवर, एकदोन दिवसांच्या असतात. तोंडातली कवळी मात्र मिनिटांत लाळेतील प्रथिनांच्या पापुद्र्याने झाकली जाते. मग बुरशी अ‍ॅक्रिलिकला नव्हे, त्या पापुद्र्याला चिकटते.

रोज घासून कवळी रात्री पाण्यात ठेवली की पुरे, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. हा आक्षेप धडधाकट माणसाच्या हिशेबाने केलेला आहे. पक्षाघाताने हात गेलेल्या, संधिवाताने बोटे आखडलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला ब्रश धरता येत नाही. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षांपुढील ५२४ जणांच्या पाहणीत झोपताना कवळी घालणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला; संबंध म्हणजे कारण नव्हे हे मान्य, पण दुर्लक्ष करण्यासारखा तो नाही. याच माणसांसाठी नॅनोकणांना खरी जागा आहे, आणि ती कवळीच्या कठीण अ‍ॅक्रिलिकमध्ये नसून तिला आतून लावल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मऊ अस्तरात आहे. ते अस्तर मुळातच सच्छिद्र, लवकर बुरशी धरणारे आणि काही दिवस किंवा आठवड्यांत बदलायचे असते. आयन संपायच्या आत अस्तरच बदलले जाते, त्यामुळे कठीण कवळीतला दोष इथे निकामी होतो. ताकदीची अटही तितकी कडक राहत नाही. सुजलेल्या टाळूला सतत आयन लागले तर पेशींचे काय होते, हा प्रश्न मात्र अस्तरातही उरतो. म्हणून चाचणी रुग्णांच्या तोंडात, साध्या अस्तराच्या बरोबरीने घ्यावी लागेल, आणि बुरशीच्या वसाहती मोजून न थांबता टाळूची लाली किती दिवसांत ओसरली तेही पाहावे लागेल.