ढगाआडचा दबा

मराठी वाचकाला दबा धरून बसणे काय असते, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून आपण झाडीत बसलेले असतो. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडकते, तेव्हा आपली जागा वरच्या कड्यावर, दगडाला हात लावून. खाली चिंचोळ्या वाटेत कधीच नाही. गनिमी काव्यावरचे आपले बहुतेक ललित लेखन याच बाजूने पाहते. ज्याच्यावर छापा पडतो त्याची शेवटची पाच मिनिटे कशी असतात, याचे आपल्याला फारसे कुतूहल दिसत नाही.

हे कुतूहल माझ्यात जागे केले एका खेळाने, हे साहित्याच्या पानावर लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते. पण खेळही रचलेला असतो, त्यालाही दृष्टिकोन असतो, आणि समीक्षेला तेवढे पुरते.

न्यूयॉर्कच्या म्यूझ गेम्सचा 'गन्स ऑफ इकॅरस ऑनलाइन' २०१२ साली आला. उजाड झालेल्या जगात फुग्यांना टांगलेली लढाऊ जहाजे. एका जहाजावर चार माणसे, चौघेही खरे खेळाडू, कदाचित चार देशांतले. एक सुकाणूवर, बाकीचे तोफांवर किंवा हातोडा-पाना घेऊन दुरुस्तीला. बहुतेक लढाऊ खेळांत एकच खेळाडू पाहतो, पळतो आणि मारतो. इथे ही कामे वाटून दिलेली आहेत. सुकाणूवरच्याला पुढचा डोंगर दिसतो, पण मुख्य तोफ त्याच्या हातात नसते. तोफेवरच्याला आपल्या तोफेच्या माऱ्यापुरते आकाश दिसते. इंजिनापाशी वाकलेल्याला तर बऱ्याचदा फक्त इंजिन दिसते. म्हणजे छापा घालण्याचा बेत चौघांचा असतो आणि तो एकालाही पूर्ण दिसत नाही.

या खेळातले लपणे म्हणजे अदृश्य होण्याची जादू नव्हे. ढग आहेत, वाळूची वादळे आहेत, दऱ्या आहेत. एका नकाशाचे तर नावच 'कॅन्यन अँबुश' आहे. दुर्बिणीतून शत्रूचे जहाज हेरून त्यावर खूण केली, की ते आपल्या साऱ्या गटाला कळते. म्हणून पहिली लढाई नजरेची असते. त्यात वर टांगलेल्या फुग्याने डोक्यावरचे आकाश झाकलेले. ज्याने वरची बाजू धरली त्याने अर्धे काम केले. तो फुग्यातला वायू सोडून झपकन खाली येतो, जवळून कॅरोनेड तोफ डागतो, समोरच्याचा फुगा फाटतो आणि जहाज दगडासारखे खाली जाऊ लागते.

पण या साऱ्याला किंमत लावलेली आहे, आणि मला खेळाची खरी बुद्धी तिथे दिसते. वायू सोडून बुडी मारली तर आपलाच फुगा इजा खातो. केरोसीन ओतून वेग घेतला तर आपलीच इंजिने जळू लागतात. छापा घालायला निघालेले जहाज शत्रूपर्यंत पोचण्याआधीच थोडे मोडलेले असते, आणि एक माणूस, ज्याला शत्रू अजून दिसलेलाही नाही, इंजिनावर हातोडा मारत असतो. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत घोड्यांना नाल मारणारा किती वेळा दिसतो?

खऱ्या हवाई जहाजांच्या इतिहासातही असा एक माणूस आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन झेपेलिन ढगांच्या वर लपत. पण मग त्यांनाही खालचे दिसेना. म्हणून लांब तारेला पाळणा बांधून एका निरीक्षकाला ढगांखाली सोडत. तो टेलिफोनवरून वर सांगे, डावीकडे, उजवीकडे. लपलेल्या प्रचंड जहाजाची नजर म्हणजे थंडीत लोंबकळणारा एक माणूस. ही कामगिरी म्हणे हवीहवीशी वाटे, कारण सिगारेट ओढता येईल अशी तेवढीच जागा होती. वर जहाजात हायड्रोजन.

आता मी राहतो त्या गाझियाबादविषयी. आकाशात इथे हिंडन तळाची अजस्र मालवाहू विमाने असतात आणि डिसेंबर-जानेवारीत धुके असे उतरते की समोरची इमारत नाहीशी होते. डिसेंबर १७६० मध्ये याच टापूत गोविंदपंत बुंदेले मारले गेले. पानिपतावर दोन्ही फौजा एकमेकींसमोर अडकून पडल्या होत्या. दुआबात शिरून अब्दालीची रसद तोडायची, हे काम भाऊसाहेबांनी पंतांवर सोपवले होते. राजवाड्यांच्या साधनांच्या पहिल्या खंडात भाऊंची त्यांना लिहिलेली पत्रे आहेत, आणि त्यातली निकड आजही जाणवते. अब्दालीने अताईखानाला पाठवले. शाहदरा, मग गाझियाबाद, मग जलालाबाद, असा तो वेगाने आला. वयस्क पंत बेसावध सापडले आणि त्यांचे शिर कापून नेले गेले. गनिमी काव्याच्या वारसदारांवर कोणी तरी गनिमी कावा केला. त्यानंतर दुआबातून अब्दालीला अडवणारे कोणी उरले नाही, आणि इकडे मराठी छावणीत उपासमार वाढत गेली.

या प्रसंगाशेजारी ठेवला की 'गन्स ऑफ इकॅरस'ची मर्यादा लख्ख दिसते. तिथे कोणाची रसद तुटत नाही. बुडालेले जहाज थोड्या वेळात पुन्हा उगवते, गुणफलकावर एक आकडा वाढतो. छाप्याची कला आहे, पण छापा कशासाठी घालतात ते कारणच काढून टाकले आहे.

ते कारण दुसऱ्या एका खेळात होते. लंडनच्या बोसा स्टुडिओजचा 'वर्ल्ड्स अड्रिफ्ट' २०१७ मध्ये खुला झाला आणि २०१९ च्या जुलैत बंद पडला. तिथे खेळाडू तरंगत्या बेटांवरून लाकूड, धातू गोळा करून स्वतःचे जहाज बांधत. बेटाआड टपलेल्या टोळीने ते फोडले की गेले. कित्येक संध्याकाळींची मेहनत गेली. लपण्याचे तंत्र ओबडधोबड, पण भरलेले जहाज घेऊन मोकळ्या आकाशात निघालेल्या माणसाची धास्ती खरी होती. मला निवड करायला लावली तर कलाकृती म्हणून मी पहिला खेळ वर ठेवीन. पण ज्याच्यावर छापा पडतो त्याला काय वाटते, हे मला दुसऱ्याने शिकवले. आपल्याकडे विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ने भुकेच्या बाजूने ही लढाई पाहिली, त्या कादंबरीचा एवढा वाचकवर्ग उगाच झालेला नाही.

पहिल्या खेळाविषयी अजून एक तक्रार आहे आणि ती बोलण्याविषयी आहे. ढगात थांबलेल्या जहाजावर चौघे माइकवर सतत बोलत असतात: किती अंतर, कुठली तोफ भरली, आता नको, आता. ही कुजबुज हाच या खेळाचा सर्वांत सुंदर भाग. मोडक्या इंग्रजीत बोलणारा अनोळखी माणूस 'थांब' म्हणतो आणि आपण बोट चापावरून काढतो. रिकाम्या जागी संगणकाने चालवलेले खलाशी आले की छाप्याची चवच जाते, आणि आता खेळाडू विरळ झाल्याने तसे वारंवार होते. पण ही कुजबुज शत्रूला कधीच ऐकू जात नाही. आवाज निर्धोक आहे. दबा धरण्याच्या खेळात एवढी मोठी सूट रचनाकारांनी का द्यावी?

जानेवारी १७६१ मध्ये दिल्लीहून पानिपताकडे खजिना घेऊन निघालेली एक मराठी तुकडी रात्री वाट चुकली आणि आपली छावणी समजून अब्दालीच्याच छावणीत शिरली. कोणी दबा धरून बसले नव्हते. अंधारात ते आपसांत मराठीत बोलले, आणि त्यावरून ओळखले गेले.