यमपालाची बायको

पाठशाळेत गेलेल्या बहुतेकींना यमपाल चांडाळाची गोष्ट ठाऊक असते. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसाणुव्रताचं उदाहरण म्हणून त्याचा नुसता उल्लेख केला, आणि टीकाकार प्रभाचंद्रांनी ती गोष्ट सविस्तर सांगितली. दशलक्षण पर्वात आमच्या वाडीतही ती कुणी ना कुणी सांगतंच. फाशीच्या शिक्षेवर वाद सुरू झाला की मला हटकून हीच गोष्ट आठवते, कारण आपल्या कथासाहित्यात जल्लाद नायक असलेली ही एकच गोष्ट मला माहीत आहे.

पोदनपूरचा राजा महाबळ नंदीश्वर पर्वाच्या आठ दिवसांत जीवहत्या बंद ठेवतो. त्याचाच मुलगा बलकुमार बागेत लपून राजाचा मेंढा मारून खातो. झाडावर बसलेला माळी हे बघतो, रात्री बायकोला सांगतो, आणि हेराच्या कानावर ते पडतं. राजा मुलाला देहदंड देतो. यमपालाला बोलावणं जातं. पण एका मुनींपाशी त्याने व्रत घेतलेलं असतं की चतुर्दशीला कुणाचा जीव घेणार नाही, आणि तो दिवस नेमका चतुर्दशीचा. तो घरात लपतो आणि बायकोला सांगतो, गावाला गेलाय म्हण. शिपाई म्हणतात, काय नशीब बघा, राजपुत्राच्या अंगावरचे दागिने मिळाले असते. मग ती तोंडाने म्हणते, 'गावाला गेलेत', आणि हाताने दाखवते, 'आत आहेत'. यमपाल राजापुढेही नकार देतो. चिडलेला राजा दोघांनाही मगरींच्या तळ्यात टाकायला लावतो. व्रताच्या प्रभावाने देवता यमपालाला तारतात, राजा त्याला आपल्या छत्राखाली मान देतो. राजपुत्राचं काय झालं, तर मगरींनी खाल्लं. एका वाक्यात विषय संपला.

कथा म्हणून ही पक्की आहे. सर्वांत खालचा मानलेला माणूस सर्वांत वरच्या माणसाला 'नाही' म्हणतो, आणि तेही स्वतःचा जीव पणाला लावून. पण आपण ती सांगतो त्यात तीन गोष्टी सुटून जातात.

पहिली म्हणजे राजा. एका मेंढ्याच्या जीवासाठी, अहिंसेच्या नावाने, तो पोटच्या पोराचा जीव मागतो. जीवहत्या बंद, आणि ती मोडली म्हणून जीवहत्या! पाठशाळेत आपण याला 'न्यायी राजा' म्हणून पुढे जातो. दुसरी, यमपालाचं व्रत फक्त चतुर्दशीपुरतं आहे. उरलेल्या दिवशी तो तेच काम करतो आणि कथा त्याला बोल लावत नाही. मला हे बरं वाटतं. अणुव्रत म्हणजे जेवढं झेपेल तेवढं. पण त्यातून हेही दिसतं, की मारायचं काम हुकूम देणाऱ्याच्या हातून होत नाही. त्यासाठी वेगळा माणूस लागतो, आणि तो नेहमी गावाबाहेरचा असतो.

तिसरी गोष्ट ती बायको. सगळा दोष तिच्या दागिन्यांच्या हावेवर ढकलून सांगणारे मोकळे होतात. मी म्हणते, नीट बघा तिच्याकडे. ती कुणाला मारत नाही, मारा असंही म्हणत नाही. तोंडाने ती निर्दोष आहे. फक्त हात जरासा वर करते. आपल्या धर्मात कृत, कारित आणि अनुमोदना असे हिंसेचे तीन दरवाजे सांगितलेत. करणं, करवणं आणि होणाऱ्याला मनाने 'बरं झालं' म्हणणं. या कथेत तिसऱ्या दरवाजात उभी आहे ती हीच बाई.

आता कोल्हापूरची गोष्ट. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या दोन बहिणींनी आईसोबत लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना त्यांचा वापर केला आणि नंतर त्यांना मारलं. 1996 साली त्या पकडल्या गेल्या. आई खटला संपण्याआधीच तुरुंगात वारली. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या बायका म्हणून त्यांची नावं छापून येत होती. मग 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. कारण दिलं ते दयेचं नव्हे, दिरंगाईचं. दयेच्या अर्जांचा निकाल लावायला सरकारने जवळजवळ आठ वर्षं लावली होती. गुन्हा अत्यंत घृणास्पद आहे हे न्यायालयाने म्हटलंच, आणि त्यांना सोडूनही दिलं नाही.

हा निकाल वाचून अनेकींना राग आला. मला तो राग समजतो. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नाही. क्षमावाणीच्या दिवशी आपण आपल्याशी झालेल्या अपराधांची क्षमा करतो, दुसरीच्या पदरच्या निखाऱ्याची नव्हे. पण मग तिच्या वतीने दोर मागण्याचा अधिकार तरी मला कुठून आला?

यावर समाजातले जाणकार म्हणतात, गृहस्थाला विरोधी हिंसा वर्ज्य नाही. खरं आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी या चार प्रकारांतली श्रावकाने सोडायची ती संकल्पी. चाल करून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी. मुलं पळवणाऱ्या बाईचा हात पकडताना तिला इजा झाली, तर ती विरोधी. पण पंचवीस वर्षं कोठडीत असलेल्या बाईला एका पहाटे ठरवून, वेळ लावून, दोर मोजून मारायचं, यात विरोध कुणाचा उरला? ही संकल्पी हिंसाच. संरक्षणाचं काम तुरुंगाच्या भिंतीने केव्हाच केलेलं असतं.

दुसरं आपलं स्वतःचं तत्त्व अनेकांताचं. आपलं ज्ञान एकदेशी असतं, हे आपण रोज म्हणतो. महाराष्ट्रातल्याच 2003 सालच्या एका दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली होती. त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधल्या काळात दोर ओढला असता, तर ते पाच लाख कुणाच्या हातावर ठेवले असते?

आपल्याजवळचंच बघा. गोध्रा प्रकरणात 2011 साली अकरा जणांना फाशी सुनावली गेली, 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची जन्मठेप केली. फेब्रुवारी 2022 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने एका दिवसात अडतीस जणांना फाशी सुनावली. 1980 च्या बच्चनसिंग निकालाने फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणापुरती ठेवली होती. अडतीस म्हणजे दुर्मिळ किती, हे ज्याने त्याने मोजावं. 2015 मध्ये विधी आयोगानेही दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी असंच सुचवलं.

मी गुन्हेगाराला सोडा म्हणत नाही. आयुष्यभर आत ठेवा, काम करायला लावा, केलेल्याची आठवण रोज होऊ द्या. बंध ज्याचा त्याला भोगावा लागतो, तो दोराने तुटत नाही.

पांजरापोळीला आपण चारा पाठवतो, पाणी गाळून पितो. मग टीव्हीवर फाशीची बातमी आली की 'बरं झालं' हा शब्द आपल्या तोंडून इतका सहज का निघतो? यमपालाने एका दिवसापुरतं तरी 'नाही' म्हटलं, आणि ते त्याचं पोटाचं काम होतं. आपलं तर ते पोटाचं कामही नाही. पुढच्या दशलक्षणात ही गोष्ट सांगाल, तेव्हा मुलांना विचारा, राजपुत्राला कुणी मारलं? मगरींनी, असं मुलं म्हणतील. तिथे थांबू नका. हुकूम कुणाचा होता, तेही विचारा. आणि हात कुणी वर केला, तेही.